तळीरामची प्रात्यक्षिक परीक्षा

निवृत्त विज्ञान शिक्षकाच्या घरात मांजराचं पिल्लू जाऊ देऊ नये. गेलंच तर निदान मास्तरांच्या हाती कोरी वही लागू देऊ नये. आमच्या घरात ही दोन्ही पथ्यं मोडली गेली आणि चिपळुणातल्या आमच्या वाडीची पावसाळाभर फुकटात करमणूक झाली.

पिल्लू आलं ऐन आषाढात. मागील दारी सरपणाच्या राशीत कुठेतरी चिरकत होतं. आईचा पत्ता नव्हता. दिवसभर वाट पाहून संध्याकाळी हिने ते फडक्यात गुंडाळून आत आणलं, तेव्हा त्याचा रंग चुलीतल्या काजळीचा होता. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसता पुसता आतून पांढरं पिल्लू निघालं. पांढरंशुभ्र, फक्त शेपटीच्या बुडाशी हळदीचा डाग. आणि डोळे निळे. इथे माझं शिक्षण आडवं आलं.

निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरी असतात, असं डार्विनने 1859 साली ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये लिहून ठेवलं आहे. पुढच्या आवृत्त्यांत त्याने ते सांभाळून घेतलं. पूर्ण पांढरी आणि निळ्या डोळ्यांची मांजरं ‘बहुधा’ बहिरी असतात, असं केलं. अभ्यासक्रमात नसलेली ही माहिती तास संपायला पाच मिनिटं उरली की मी वर्गाला देत असे. आता डार्विन माझ्या ओसरीवर थरथरत बसला होता.

“बहिरं आहे,” मी जाहीर केलं.

“भिजलंय,” ही म्हणाली.

वही काढली. उद्देश : पिल्लाची श्रवणक्षमता तपासणे. साहित्य : स्टीलचं ताट, पळी, पिल्लू. कृती : पिल्लाच्या मागे उभं राहून पळीने ताट वाजवणे. निरीक्षण : पिल्लू ढिम्म, शेजारच्या अण्णांची खिडकी उघडली. “पुन्हा कोरोना आला की काय हो?” अण्णा ओरडले. मी त्यांना प्रयोगाची रूपरेषा समजावून सांगितली. त्यांनी खिडकी लावून घेतली, पण कडी घातली नाही. पुढचे प्रयोग त्यांना बघायचे होते.

प्रयोग एकदा करून अनुमान काढायचं नसतं, हे मी पिढ्यांना शिकवलेलं. म्हणून ताट रोज वाजू लागलं. कधी पिल्लू मान वळवी, कधी नाही. मग लक्षात आलं की ताट खाली येतं तेव्हा वारा सुटतो आणि तो मिशांना कळतो. बहिऱ्या मांजरालाही हवेची झुळूक नि जमिनीतली थरथर चांगली समजते. तेव्हा वाराही नको, थरथरही नको, असा आवाज शोधणं आलं. मी दाराआडून सुक्या बोंबलाची पुडी चुरचुरवली. पिल्लू डुलत डुलत थेट दाराशी हजर.

“ऐकू येतं!” मी म्हणालो.

“वास येतो,” स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

अनुमान खोडलं. कुकरच्या शिट्टीला पिल्लू दचकलं खरं, पण त्याआधी मी दचकलो होतो. ते शिट्टीला दचकलं की मला, याचा निकाल लागेना.

मग डोळे. डोळ्यांपुढे बोट नेलं तरी पापणी मिटेना. शिवाय चालताना ते खुर्चीच्या पायावर आपटे. बशी समोर ठेवली तर तोंड बशीच्या चार बोटं पलीकडे जमिनीवर टेकवी, मग पुन्हा उचलून बशीच्या अलीकडे. अंधत्वाची नोंद झाली. गुरुपौर्णिमेला एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला, त्यातला कण पिल्लाच्या जिभेला लावला. त्याने तो लाकडाचा भुसा थुंकावा तसा थुंकला. जिभेचीही संवेदना गेलेली! विद्यार्थी निघताना हिला हळूच विचारून गेला, “सरांची तब्येत बरी आहे ना?”

त्याचं चालणं मी मनावर घेतलं नव्हतं. पाय फाकवून उभं राहायचं, पुढचा पाय संचलनातल्या शिपायासारखा गरजेपेक्षा उंच उचलायचा, तो भलतीकडे पडायचा, की मागचं धूड कुशीवर कलंडायचं. फरशी गुळगुळीत, वय लहान, त्यात काय नवल? अण्णांनी मात्र खिडकीतून ते चालणं एकदाच पाहिलं आणि “अरे, हा तर तळीराम!” म्हणून टाळी दिली. अण्णांनी तरुणपणी वाडीच्या गणेशोत्सवात गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातला दारुडा तळीराम केला होता. पिल्लाची चाल आपल्यापेक्षा सरस आहे, हे त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं. नाव पडलं.

याच काळात हिने एक वाक्य उच्चारलं, ते मी वहीत घेतलं नाही. भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, “हे झोपलं की अगदी स्वस्थ असतं बघा. नुसतं बसलं तरी फारसं हलत नाही. खायला तोंड पुढे नेलं की डोकं लटलट उडतं. जितकं बशीजवळ जातं तितकं जास्त.” मी म्हणालो, “भूक.”

तोल तपासायचा एक प्रयोग डोक्यात होताच. मांजर उंचावरून उलटं पडलं तरी हवेत वळून चार पायांवर कसं उतरतं, याची क्रमवार छायाचित्रं मॅरे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1894 मध्ये काढली होती. कोनीय संवेग शिकवताना फळ्यावर ते मांजर मी कितीदा पाडलंय. पलंगावर दोन उशा रचल्या, पिल्लू उचललं. ही दारात उभी.

“आधी तुम्ही उडी मारून दाखवा,” ती म्हणाली.

तो प्रयोग साहित्याअभावी रद्द झाला.

शेवटी दवाखान्यात जावं लागलं ते पोटापायी. मांजर म्हणजे दूध, ही समजूत आमच्या घरात बाळकृष्णाच्या लोण्याइतकी पक्की. गाईचं दूध चाललं होतं आणि दुसऱ्या टोकाने पाण्यासारखं वाहत होतं. दारावर येणारी मासळीवाली म्हणाली, “मास्तर, दूध पाजून मारताय त्याला.” दुधातली साखर पचवणं बऱ्याच मांजरांना जमत नाही, ही माहिती मला तिच्याकडून मिळायला हवी नव्हती. पण मिळाली.

आमच्याकडे त्याला गुरांचा दवाखाना म्हणतात आणि ते बरोबरच आहे. रांगेत एक गाभण शेळी, पाय बांधलेल्या कोंबड्यांची पाटी आणि एक म्हैस. तिच्या मागे मी. छातीशी टोपली, टोपलीत टर्किश टॉवेलात तळीराम, काखेत प्रयोगवही. म्हशीचा मालक टोपलीत वाकून पाहत म्हणाला, “मांजर? मांजराला कशाला डॉक्टर?” मी त्याला मज्जासंस्थेबद्दल सांगायला सुरुवात केली. माझी पाठ म्हशीकडे होती. म्हशीने शेपटी उचलल्याचं रांगेतल्या सगळ्यांना दिसलं, पण मास्तर बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, ही शिस्त मीच या गावाला लावलेली. टोपली वाचली. वहीही वाचली. सदऱ्याचं नाव घेण्यात अर्थ नाही.

डॉक्टरीणबाई लातूरकडच्या, वयाने माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. त्यांनी आधी मला नळ दाखवला, मग पिल्लू हातात घेतलं. तोंड उघडून दात पाहिले. “महिन्याभराचं आहे.” शेपटी वर केली. “मुलगी आहे, काका.” तळीराम! अण्णांना हे कसं सांगायचं, याच विचारात मी वही पुढे केली. त्यांनी ती उभ्याउभ्याने चाळली. मध्येच तोंडावर हात धरला.

“निळे डोळे या वयात सगळ्याच पिल्लांचे असतात. खरा रंग सहा-सात आठवड्यांनी भरू लागतो.” पान उलटलं. “बोट नेल्यावर पापणी मिटणं हेही शिकून येतं, इतक्या लवकर नाही.” पान उलटलं. “पेढा? काका, गोड कुठल्याच मांजराला कळत नाही. वाघालाही नाही.” गोडाची चव ओळखायला लागणारं एक जनुक या सगळ्या कुळात निकामी आहे, हा शोध 2005 मध्ये लागला. तोवर वाघाला पेढा देऊन बघायला माझ्यासारखा मास्तर कुणाला भेटला नव्हता. “आणि हा डाग हळदीचा नाही. केसच पिवळे आहेत.” तो डाग मी खोबरेल लावून दोनदा घासला होता.

“पण ताट वाजवलं तर बघत नाही,” मी शेवटचा किल्ला लढवला.

“रोज वाजवता?”

“रोज.”

“मग कशाला बघेल?”

त्यांनी पिल्लाला टेबलावर ठेवलं आणि त्याच्या मागे, पाठीआड, नखाने कागद खरवडला. जेमतेम ऐकू येईल इतका. पिल्लाचा डावा कान गर्रकन मागे फिरला. मग कापसाचा एक बोळा वरून सोडला. आवाज नाही, वारा नाही. पिल्लाची मान बोळ्याबरोबर खाली आली. लटलटत, पण बरोबर खाली आली. माझी अख्खी वही नख आणि कापूस या दोन वस्तूंत आटोपली.

“डोळे, कान उत्तम. डोकं कधी हलतं?” त्यांनी विचारलं. मी हिचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, भाकरी वगळून. बाईंनी माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं. तो आदर मी घेतला.

त्यांनी सांगितलं ते असं. मांजरांत पॅनल्युकोपेनिया नावाचा एक विषाणू फिरतो. गाभण मांजरीला त्याची लागण झाली की तो पोटातल्या पिल्लांपर्यंत पोचतो. त्याला झपाट्याने वाढणाऱ्या पेशी लागतात आणि जन्माच्या आगेमागे पिल्लाच्या मेंदूत सर्वांत जोरात वाढत असतं ते अनुमस्तिष्क. ते खुरटतं ते कायमचं. बाकी मेंदू शाबूत राहतो. पिल्लाला बशी दिसते, बशीकडे जावंसंही वाटतं, पण किती जायचं हे मोजून देणारा विभाग अपुरा असल्याने तोंड कधी पुढे पडतं, कधी मागे, आणि नेम धरायला गेलं की थरथर वाढते. दुखत काही नाही. वाढत जात नाही. बरंही होत नाही. इतर कुणाला ही थरथर लागत नाही. सांभाळलं तर मांजर आपलं पुरं आयुष्य जगतं. सगळ्या लक्षणांवरून आमची केस तीच दिसत होती.

अनुमस्तिष्काचं कार्य : शरीराचा तोल सांभाळणे व ऐच्छिक हालचालींत सुसूत्रता आणणे. दोन गुण. हे उत्तर मी उभ्या हयातीत इतक्यांदा तपासलंय की झोपेत लाल पेनने बरोबरची खूण करीन. आणि दारू चढली की माणसाचं जे अंग आधी ढिलं पडतं त्यात हेच अनुमस्तिष्क येतं. म्हणून झिंगलेला माणूस तसा चालतो. म्हणजे अण्णांनी खिडकीतून, चष्म्याशिवाय, गडकऱ्यांच्या आधाराने अचूक निदान केलं होतं. हिने थरथरीची वेळ सांगितली होती. मासळीवालीने पोटाचं कारण सांगितलं होतं. वाडीत चुकीच्या निष्कर्षावर पोचलेला एकटा मीच, आणि वही फक्त माझ्याकडे होती.

घरी आल्यावर व्यवस्था हिच्या हाती गेली. दूध बंद. पुण्याहून मांजराच्या पिल्लांची दूधभुकटी मागवली, मग उकडलेली कोंबडी, मीठ-कांदा-लसूण न घालता, कुस्करून. बशी हलकी म्हणून सरकते आणि डोकं आपटतं, तेव्हा जुना दगडी खल आला, तोही पाटावर, म्हणजे मान फार वाकवायला नको. फरशीवर गोणपाट अंथरले; नखं रोवायला काहीतरी लागतं. तिची नखं फार कापायची नाहीत, हे बाईंनी बजावलं होतं. विधीसाठी मातीची पसरट पेटी होती, तिच्यात ती कलंडायची, म्हणून उंच कडांची पेटी केली. कडेला टेकून काम होतं. बाहेर सोडायचं नाही. कुत्र्यापुढून तिरकं पळणाऱ्याचा निभाव लागत नाही.

मुलगी निघाली तरी नाव बदललं नाही. अण्णांनी परवानगी दिली नाही. लाडाने तळी म्हणतो, आणि घर तिची तळी उचलून असतं. ती माझ्या मांडीवर उडी मारते आणि शेजारच्या वर्तमानपत्रांवर पडते. पालीवर झडप घालते आणि भिंतीला मिळते. याचं तिला काहीही वाटत नाही. पुन्हा मारते. नसबंदी झाली, लसी झाल्या. वजन तीन किलोच्या वर गेलं आहे, थरथर होती तेवढीच आहे, आणि डोळे आता हिरवट पिवळे झालेत.

तुमच्या घरी मांजरी असेल तर ती गाभण राहण्याच्या आधी पॅनल्युकोपेनियाची लस टोचून घ्या. आधीच, कारण गाभण असताना जिवंत विषाणूची लस देत नाहीत; तीही पोटातल्या पिल्लांना बाधू शकते. लस कुठे मिळेल ते तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात विचारा, सकाळी लवकर जा, मांजर झाकलेल्या टोपलीत न्या. रांगेत मात्र शेळीच्या मागे उभे राहा.