चि. सहाव्या अहवालास

चि. सहावा अहवाल यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तू अजून झालेला नाहीस, पण म्हणून पत्र लिहू नये असं थोडंच आहे? तुझी जन्मतारीख तर कधीचीच ठरलेली आहे : 30 जून 2011. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर देखरेख ठेवणाऱ्या, जिनिव्हातल्या अठरा तज्ज्ञांच्या समितीने ती भारत सरकारला लेखी कळवली होती. वेळेवर आला असतास तर एव्हाना शिक्षणहक्क कायद्यातलं मोफत शिक्षणही उरकलं असतं तुझं.

घराण्याची थोडी माहिती देतो, कारण ती तुला कुणी दिली असेल असं वाटत नाही. करार 1966 च्या डिसेंबरातला. भारत त्यात 10 एप्रिल 1979 रोजी सामील झाला, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना. काम, रास्त वेतन, सामाजिक सुरक्षा, अन्न, घर, आरोग्य, शिक्षण, सगळं त्यात आहे. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या 26 जानेवारीला महाराष्ट्रात रोजगार हमी कायदा अंमलात आला होता. वि. स. पागे यांच्या त्या योजनेत खडी फोडणाऱ्या बाईला काम हक्काने मागता येत होतं, आणि त्यासाठी तिला जिनिव्हा कुठे आहे हे ठाऊक असायची गरज नव्हती. तेव्हा आपल्याला हे जमतच नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

दर पाच वर्षांनी एक अहवाल, असा नेम आहे. तुझी थोरली चार भावंडं, म्हणजे दुसरा ते पाचवा, एकाच बाळंतपणात झाली. मे 2008 मध्ये समितीने चौघांना एकदमच समोर बसवलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांबद्दल चिंता व्यक्त केली, आरोग्यावरचा सरकारी खर्च चांगलाच वाढवा म्हणाली, आणखीही बरंच बोलली. शिष्टमंडळ परत आलं. त्यानंतर घरात पाळणा हलला नाही.

आता तुझ्या वाटेत काही फार मोठी अडचण होती का? करार समजूतदार आहे. सगळे हक्क उद्या सकाळी द्या, असं तो म्हणतच नाही. उपलब्ध साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत, टप्प्याटप्प्याने द्या, असं त्याचं दुसरं कलम सांगतं. कुठल्याही सरकारी वकिलाने देवाकडे मागावं असं हे कलम! फक्त टप्पे म्हटले की कुठवर आलो ते अधूनमधून सांगावं लागतं. ते काम तुझं.

तू आला असतास तर काय सांगितलं असतंस, याचा मी अंदाज बांधतो. 2002 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरवलं होतं, की 2010 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या सकल उत्पन्नाच्या 2 टक्के करायचा. 2010 येऊन गेलं. मग 2017 च्या धोरणाने ठरवलं, 2025 पर्यंत 2.5 टक्के. मधल्या 2021-22 सालचा, म्हणजे कोविडच्या दिवसांतला, सरकारी हिशेब 1.84 टक्के आहे. सगळा देश ऑक्सिजन शोधत होता, त्या वर्षीही 2010 चा टप्पा गाठला गेला नाही. शिक्षणाचं तर विचारूच नकोस. कोठारी आयोगाने 6 टक्के सुचवले ते 1966 मध्ये, म्हणजे आयोगाचा अहवाल आणि तुझा करार एकाच वर्षीचे. 2020 च्या शैक्षणिक धोरणात तेच 6 टक्के पुन्हा उद्दिष्ट म्हणून छापले आहेत. किमान वेतनाचा राष्ट्रीय तळ 2019 मध्ये रोजचे 176 रुपये होता, तो 178 झाला. सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने त्याच वर्षी 375 सुचवले होते. वाढ मिळाली दोन रुपये.

पण माझा लाडका आकडा वृद्धांच्या पेन्शनचा. केंद्राच्या राष्ट्रीय योजनेत 60 ते 79 वयाच्या गरीब माणसासाठी केंद्राचा वाटा महिन्याला 200 रुपये, 80 पासून 500. महाराष्ट्रात राज्य आपली भर घालून 1500 पर्यंत नेतं, म्हणून इथल्या आजीआजोबांना केंद्राची चव वेगळी कळत नाही. समज, 1947 साली जन्मलेला एक माणूस. 2011 मध्ये वयाची अट 65 वरून 60 वर आली आणि तो पात्र झाला. तेव्हा 200. डाळ महागली, तेल महागलं, सरकारं बदलली, हे 200 तेवढे स्थिर. नियम असाच राहिला तर 2027 मध्ये ऐंशी पूर्ण केल्यावर त्याला 500 मिळतील. टप्प्याटप्प्याने देणं म्हणतात ते हे : पुढच्या टप्प्यासाठी माणसाने जिवंत राहायचं.

तुझ्याकडे मिरवायला काहीच नसतं असं मी म्हणणार नाही. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, अन्नसुरक्षा कायदा 2013 चा. दुसऱ्या एखाद्या देशाने असे कायदे केले असते तर अहवाल मुदतीआधीच धाडला असता. मग आपला का अडतो? मला वाटतं, अहवाल लिहिण्याचा कंटाळा नाही, पुढच्या प्रश्नोत्तरांचा आहे. तिथे स्वयंसेवी संस्थाही आपापले समांतर अहवाल घेऊन येतात, आणि चारचौघांत उत्तर द्यावं लागतं. नागरिकाला थेट समितीकडे तक्रार नेता येईल असा एक पुरवणी करार 2008 मध्ये झाला, त्यावर भारताने सहीच केलेली नाही. तेव्हा तिथलं दार आपल्यासाठी उघडायचं तर ते तुलाच उघडावं लागतं. तू न येणं ही हयगय नाही, सोय आहे.

निराश मात्र होऊ नकोस. तुझा चुलत भाऊ, नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारावरचा चौथा अहवाल, 2001 ला यायचा होता. तो 2021 मध्ये आला आणि 2024 मध्ये त्याची तपासणीही झाली. त्या हिशेबाने तुला 2031 पर्यंत कुणी उशीर झाला म्हणणार नाही.

वाचकहो, तुम्हाला वाट पाहायची नसेल तर परराष्ट्र मंत्रालयाला विचारा, मसुदा कुठे आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला केंद्राकडे 10 रुपये फी आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही माफ, आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची.