काचेचं वाळवण

मामाचा कॅमेरा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. मामा बोटीवर होता. आमच्या रत्नागिरीकडे ‘बोटीवर असतो’ एवढं सांगितलं की पुढे कुणी खोलात शिरत नाही. परत कधी येणार आणि येताना काय आणणार, एवढंच विचारतात. १९६९ साली येताना मामाने जपानहून असाही पेन्टॅक्स स्पॉटमॅटिक आणला आणि आजोबांनी चार दिवस अबोला धरला. तेवढ्या पैशांत कलमांच्या बागेला गडगा झाला असता, हे त्यांचं म्हणणं. गडगा पुढे झालाच आणि दोन पावसाळ्यांत ढासळलाही. कॅमेरा अजून आहे.

पुढे मी कॉलेजात गेलो तेव्हा मामाने तो माझ्या गळ्यात घातला. ताईत बांधतात तसा, आणि तितक्याच सूचनांसह. रोल छत्तीसचा असला तरी मामा त्यातून अडतीस काढायचा. रोल भरताना गोधडीत डोकं खुपसलं की सुरुवातीची फिल्म वाया जात नाही, हे त्याचं शास्त्र. एक रोल वर्षभर पुरवायचा. त्यामुळे आमच्याकडे एकाच निगेटिव्हच्या पट्टीवर गणपती, कुणाची तरी मुंज आणि पुढच्या वर्षीचा गणपती सुखाने नांदतात. बटण दाबण्याआधी मामा इतका वेळ घ्यायचा, की फोटोतल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ‘आता दाब एकदाचं’ हा एकच भाव आहे.

२००७ साली मी डिजिटल घ्यायचं ठरवलं. रोल महागले होते, धुऊन देणारे कमी झाले होते, वगैरे कारणं होतीच. पण घरात मांडलेला मुद्दा काटकसरीचा होता. ‘लेन्स घरचीच आहे गं, नुसता डबा घ्यायचाय.’ बायको म्हणाली, ‘म्हणजे बटण सापडलं म्हणून सदरा शिवायचा.’ यावर मी काही बोललो नाही. बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालू नये.

माझा मुद्दा मात्र अगदीच बिनबुडाचा नव्हता. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र अवघं १०० बाय १०० ठिपक्यांचं, आणि तेही कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद. त्या खटाटोपाला लेन्स कुठली, तर सुपर-८ सिनेकॅमेऱ्याच्या सुट्या भागांच्या ढिगातून उचललेली. थोडक्यात, पहिला डिजिटलसुद्धा जुन्या काचेतूनच बघत होता. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर सदऱ्यावर उत्तर देता आलं असतं.

घेतला पेन्टॅक्सचाच के-१०डी. मामाची लेन्स सुपर-टाकुमार, ५० मिलिमीटर. तिला मागे ४२ मिलिमीटरचे आटे असतात. बरणीचं झाकण लावावं तशी ती फिरवून बसवायची. नव्या कॅमेऱ्याला आटे नसतात, खाच असते. मधे एक अडॅप्टर लागतो, म्हणजे करगोट्याएवढी धातूची कडी. मी बाजारातून स्वस्तातली आणली. ती आत गेली आणि बाहेर यायला तयार होईना. शेवटी चिमटा, नखं आणि आईची नथ उघडायची हातोटी या तिघांनी मिळून ती काढली.

लेन्स लावून कॅमेरा सुरू केला की तो आधी विचारतो: किती मिलिमीटरची लेन्स? नवीन लेन्स आपलं नावगाव स्वतःच सांगतात. त्यांना विजेचे ठिपके असतात. ही बिचारी मुकी. हात स्थिर नसला तर कॅमेरा आतल्या आत सावरून घेतो, त्यासाठी त्याला हा आकडा हवा असतो. पण दर वेळी तो पडद्यावर आला की मला गावातले तात्या आठवतात. वर्षानुवर्षं आम्हाला बघत असूनही ओटीवरून हाक मारायचे, ‘कुणाचा रे तू?’ मी ‘पन्नास’ला होकार देतो. मग त्याचं समाधान होतं. अपर्चरची मात्र त्याला गंधवार्ता नाही. तिथे तो दोन आडव्या रेघा मारून मोकळा होतो.

नवीन यंत्र शिकायला त्रास झाला नाही, जुनं विसरायला झाला. फोटो काढला की माझा उजवा अंगठा आपसूक मागे जाऊन रोल पुढे सरकवायची दांडी शोधायचा. दांडी नाहीच. अंगठा हवेत अर्धा फेरा मारून ओशाळून परत यायचा. कार्डात शेकडो फोटो मावत असताना मी लग्नात जाऊन एकोणतीस काढून आलो. सात उरवले. कशासाठी, ते विचारू नका.

पहिलं संकट आलं मावशीच्या रूपाने. फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर. के-१०डीतला सेन्सर त्याहून लहान, साधारण २४ बाय १६. लेन्स तेवढंच चित्र टाकते, पण मधला तुकडाच पकडला जातो, आणि पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी वागू लागते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये याचा अर्थ असा की मामा ज्या फरशीवर उभा राहून अख्खं कुटुंब टिपायचा, तिथून आता कडेची माणसं उडतात. मागे सरकावं तर पाठीला कपाट. त्या दिवाळीत धाकटी मावशी कानापासून कापली गेली. आमच्याकडे फोटोत कोण कडेला उभं राहतं हा आधीच नाजूक विषय. मी सेन्सरचं माप समजावून सांगितलं. मावशी म्हणाली, ‘मामाच्या कॅमेऱ्यात बरी मावत होते मी. तेव्हा तर जाड होते.’

दुसरं संकट पिवळं होतं. फिल्मच्या सवयीने मी रंगाची मांडणी ‘ऊन’वर कायम ठेवली होती, आणि फोटोत सगळेच हळदीला बसल्यासारखे दिसत होते. नवरदेव ठीक, पण भटजीही. पांढऱ्या कागदावर लेन्स धरून आरपार पाहिलं, तर काच चहाच्या रंगाची. मग वाचत गेलो. त्या काळच्या काही लेन्सच्या काचेत थोरियम घालत. त्याने काच प्रकाश जास्त वळवते, पण रंग फारसे फाकत नाहीत. चांगल्या लेन्सला हवं असतं तेच. फक्त थोरियम किंचित किरणोत्सारी, आणि त्या किरणांनी काच वर्षानुवर्षं आतून पिवळत जाते. रंगीत कॉप्या काढणारा स्टुडिओवाला हा पिवळेपणा गुपचूप काढून टाकत असणार, म्हणून इतकी वर्षं पत्ता नव्हता. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली, ती जरा लागली. कॉलेजातल्या माझ्या कृष्णधवल फोटोंत आभाळ गडद आणि ढग उठावदार यायचे. मी ती माझी नजर समजत होतो. पिवळ्या काचेने आभाळ गडद होतं, हे पुस्तकातलं पहिल्या धड्याचं ज्ञान.

यावरचा उपाय साधा आहे: ऊन. अतिनील किरणांनी काच पुन्हा उजळते. एप्रिल लागला होता. गच्चीवर आईचं वाळवण पडलं होतं, कुरडया, पापड, सांडगी मिरच्या. मीही एका कोपऱ्यात लेन्स ठेवली, तोंड आभाळाकडे करून. आई काठी घेऊन कावळे राखत होती. म्हणाली, ‘आता काचेचंही वाळवण का? ते कोण खाणार?’

तासाभराने तिची हाक आली, ती नेहमीची नव्हती. लेन्स म्हणजे शेवटी भिंग, आणि तेही चांगलंच उघडं. सूर्य सरकला तसा तिच्याखालच्या जुन्या धोतरावर एक ठिपका सरकत गेला होता. कडा करपलेली बोटभर रेघ, आणि रेघेच्या टोकाला पोह्याचा एक पापड, मधोमध मुगाएवढं भोक पडलेला, भोवती खरपूस तांबूस वलय. आईने तो उचलून उन्हात धरला, त्या भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘हा तूच खा.’ चांगला भाजला होता.

दुसऱ्या दिवसापासून लेन्सखाली अ‍ॅल्युमिनियमचा कागद आला, आणि राखणीला मी. कुरडया आठवड्यात डब्यात गेल्या. लेन्सला महिना लागला. चहाची आधी लिंबू-पाणी झाली, मग नुसतं पाणी. आई रोज संध्याकाळी पापडांबरोबर तीही आत आणायची आणि कापडाने पुसू नकोस म्हणून मी तिच्या मागे धावायचो. किरणोत्साराचं मी तिला सांगितलं नाही. तसा तो अगदी अल्प, आणि मामाने तर ती लेन्स वर्षानुवर्षं छातीशी बाळगली. मामा अजून जिना न थांबता चढतो.

के-१०डी दहा वर्षं टिकला. मग २०१६ साली आलेला के-१ मी पुढे जुना बघून घेतला. त्याचा सेन्सर फिल्मएवढाच, पुरता ३६ बाय २४. तीच कडी, तेच आटे. आता घरातली स्थिती अशी, की दोन सुना झाल्या पण सासू तीच. के-१०डीची बॅटरी धरत नाही, तो कपाटात गेला. सासूबाई रोज उन्हं खाऊन टवटवीत. आणि पहिल्याच दिवाळीला जुन्या फरशीवर उभं राहून पाहिलं तर मावशी चौकटीत अख्खी. तिने पडद्यावर स्वतःला दोन्ही कानांसकट पाहिलं आणि काही बोलली नाही, पण जाताना चकल्यांचा डबा ठेवून गेली.

मामा त्याच दिवाळीला आला होता. मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने वजन जोखलं, लेन्सवरून अंगठा फिरवला, अंतराची कडी न बघता बरोबर जागी आणली. आम्ही रांगेत उभे राहिलो. मामाने नेहमीएवढाच वेळ घेतला. कुणीतरी कुजबुजलं, ‘आता दाब एकदाचं.’ दाबलं. त्याचा अंगठा मागे गेला, हवेत अर्धा फेरा मारून परत आला. मी पुढे होऊन मागचा पडदा उजळून त्याच्यासमोर धरला, की बघ, कसा आलाय. त्याने पाहिलंच नाही. कॅमेरा माझ्याकडे देत म्हणाला, ‘घाई नाही. धुऊन आला की एक कॉपी पाठव.’