दर्यासारंग, मुक्काम सॅन दिएगो

मालवणातून पुण्यामार्गे सॅन दिएगोला पोचलेल्या सॉफ्टवेअरवाल्यांत एखादा तरी दर्यासारंग निघतोच. पदवी मित्रांनी दिलेली. त्यातला टोमणा त्याच्यापर्यंत पोचलेला नाही.

आठवडाभर तो दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढतो. शनिवारी उजाडायच्या आत मात्र टपावर 13 फुटी कयाक बांधून ला होयाच्या किनाऱ्यावर हजर. धरायचा तर टुनाच, तोही पायाने पेडल मारत. तिथे किनाऱ्याला लागूनच समुद्राखाली खोल दरी आहे, त्यामुळे मोठे मासे अगदी जवळ येतात, असं तो भेटेल त्याला सांगतो. खरंही आहे ते. फक्त ते मासे बहुधा यलोटेल असतात आणि टुना इतक्या जवळ क्वचितच फिरकतो, ही पुरवणी त्याची बायको जोडते.

टुनाला जिवंत आमिष लागतं, म्हणून आधी आमिषाची शिकार. साबिकी नावाची जपानी दोरी, तिला सहाएक बारीक गळ, प्रत्येकावर माशाच्या कातडीचा कपटा. ती खाली सोडली की बांगडे लागतात. आपल्या बांगड्याचे तिकडचे चुलतभाऊ. तीन-चार एकदम लागले आणि मांडीवर फडफडले की उरलेले गळ टोपीत, लाइफ जॅकेटमध्ये आणि अंगठ्यात. हा पराक्रम त्याने एकदा आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. “मेल्या, बांगडो गरीक लावतंस?” एवढंच बोलून तिने फोन बाबांकडे दिला.

धरलेले बांगडे भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या नळीत घालून कयाकबरोबर पाण्यातून ओढत न्यायचे, म्हणजे ते ताजेतवाने राहतात. पंगतीत वाढप्याकडे बघावं, तसे इथले सी लायन या नळीकडे बघतात.

त्यातून एखादा बांगडा वाचलाच, तर पुढे दोरीचा पेच. टुनाची नजर तीक्ष्ण. दोरी जाड लावली तर तो आमिषाला वळसा घालून जातो, बारीक लावली तर तोडून जातो. गळाचीही तीच रड: मोठा ओढताना बांगडाच दमतो, लहान असला तर टुना तो सरळ करून ठेवतो. फ्लुरोकार्बनची दोरी पाण्यात कमी दिसते, म्हणून ती महाग. दर्यासारंगाकडे ती 20 पौंडी ते 80 पौंडी, सगळी आहे, आणि माशाने मागितलीच तर बिलंही आहेत. तरी 40 लावावी की 60, हा वाद तो ऑफिसच्या डब्यापाशी एकटाच घालतो.

रॉड, पक्कड, सुरी, फोन, सगळं कयाकला बांधलेलं. परतताना लाटेने उलटं केलं की न बांधलेला असा तो एकटाच किनाऱ्याला लागतो.

2015 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हौशी मासेमाराला दिवसाला धरता येणाऱ्या ब्लूफिन टुनांची मर्यादा 10 वरून 2 वर आली. हा नियम त्याला फार जाचक वाटतो. बर्फाची पिशवी एका टुनाची घ्यावी की दोनांची, हे ठरेना म्हणून त्याने दोन्ही घेतल्या. लहान अजून वेष्टनातच आहे. मोठीतून मंडळाच्या गणपतीला कोकम सरबताच्या बाटल्या जातात, आणि बाटल्या मात्र छान गार राहतात.