बांबूवाल्याला समितीवर घ्या

फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातून निघालेली सी-मी-वी 4 नावाची केबल भूमध्य समुद्र, इजिप्त, तांबडा समुद्र असं करत करत मुंबईला लागते. जानेवारी 2008 मध्ये ती अलेक्झांड्रियाजवळ तुटली आणि इथे देशभरातलं इंटरनेट लंगडलं, तेव्हा जहाज पाठवून, समुद्राच्या तळातून टोकं वर उचलून ती सांधण्यात आली. आता लालबागच्या एखाद्या चाळीत जा. त्या अवाढव्य केबलच्या नात्यातलं शेंडेफळ तिथे दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला नायलॉनच्या दोरीने बांधलेलं असतं आणि त्याच दोरीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत असतो. टॉवेल ओढला, वायर मुरडली, की घरातल्या राउटरवर 'एलओएस'चा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागतो. इथे जहाज येत नाही. "माणूस गावाला गेलाय, सोमवारी पाठवतो," असं येतं.

एवढं करून आपण इंटरनेटच्या माहेरात राहतो. 15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि त्या निगमची भलीथोरली इमारत कुठे, तर प्रभादेवीला, काशिनाथ धुरू मार्गावर. परळच्या चाळीतून चालत जावं इतक्या अंतरावर जग येऊन थांबलेलं आहे. अडचण फक्त तिथून पुढची आहे.

पुढचं नियोजन कुणाचं, हे विचारू नये. केंद्राचं भारतनेट आहे, पण त्यात बसायला ग्रामपंचायत लागते; आमच्याकडे फक्त चाळ कमिटी आहे. राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशन डिसेंबर 2019 मध्ये आलं, जानेवारी 2025 मध्ये त्याचं 2.0 आलं. दोन्ही वेळा आम्ही प्रगत भागात मोडत असल्यामुळे आमचा प्रश्न आधीच सुटलेला होता. शिवाय ब्रॉडबँड सुधारण्याचा एक बिनखर्चाचा मार्ग सरकारला सापडलेला आहे. 2004 च्या धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, 2013 मध्ये 512 ला म्हणू लागले, 2023 मध्ये 2 एमबीपीएसला. एकही खड्डा न खणता झालेली ही प्रगती आहे.

खड्ड्यांचं म्हणाल तर पालिका दर वर्षी पावसाळ्याआधी चर खोदायला बंदी घालते, आणि पावसाळ्यानंतर ज्याला त्याला खोदायची घाई होते. दादरमध्ये एकाच फुटपाथखाली पाणी, गॅस, बेस्टची वीज आणि टेलिफोन असा संयुक्त परिवार नांदतो. एकाचं काम निघालं की दुसऱ्याचं तुटतं. त्यावर मार्च 2023 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आलं. खणण्याआधी विचारा. कल्पना उत्तम आहे. जेसीबीवाल्याच्या फोनला रेंज हवी, एवढंच. आता तर रस्ते काँक्रीटचे झाले, त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे खालून बंद. उरलं आकाश.

आणि आकाशात काय आहे ते मान वर केल्याशिवाय कळत नाही. शहर भागात बेस्टने वीज कधीच जमिनीखाली नेली, त्यामुळे आपल्या डोक्यावर लोंबतो तो सगळा टीव्ही आणि इंटरनेटचा पसारा. गच्चीवरून झाडावर, झाडावरून दिव्याच्या खांबावर, खांबावरून समोरच्या गॅलरीत. त्यातल्या निम्म्या वायरी मेलेल्या असतील. कुठली जिवंत ते केबलवाल्या पोऱ्याला ठाऊक, आणि तो गावाला गेलेला आहे.

या गुंत्याचं शास्त्रशुद्ध सर्वेक्षण वर्षातून एकदाच होतं, ते गणपतीत. परळच्या कार्यशाळेतून मूर्ती निघाली की ट्रॉलीवर दोन-तीन कार्यकर्ते लांब बांबू घेऊन उभे राहतात. बांबूच्या टोकाला आडवी काठी. ढोल वाजत असतो, खाली हजारो मोबाइल वर उठलेले असतात, आणि हा बांबूवाला गडी घामाघूम होऊन एकेक वायर उचलतो, मुकुटावरून अलगद पलीकडे नेतो, सोडतो, पुढची धरतो. "थांब, थांब! डावीकडची राहिली!" कुठली वायर कुठे झोल खाते, कुठली ताणली तर तुटेल, कुठल्या खांबाशी सहा एकत्र बांधल्यात, हे त्याला पाठ असतं. त्याच्याकडे ड्रोन नाही, नकाशा नाही, सल्लागार कंपनी नाही. उत्सवाआधी मंडळं, पोलीस आणि वॉर्ड ऑफिस एकत्र मार्ग पाहून घेतात ते वेगळंच. वर्षभर एकमेकांना पत्र पाठवणारी ही खाती तेव्हा एका रस्त्यावर, एका वेळी, वर बघत चालतात. याला इंग्रजीत काय म्हणतात माहीत नाही, पण मंत्रालयात असं घडल्याचं ऐकिवात नाही.

कोविडच्या दोन वर्षांत सार्वजनिक मूर्ती चार फुटांच्या झाल्या आणि घरोघरी ऑफिस आलं. 2022 मध्ये उंचीची मर्यादा उठली, तोवर डोक्यावरच्या जाळ्यात भर पडलेली. तेव्हा आमची नम्र सूचना अशी, की दक्षिण आणि मध्य मुंबईसाठी वायरीच्या उंचीचं अधिकृत मोजमाप 'मुकुट अधिक दोन फूट' असं ठरवावं. खेतवाडीला वेगळं परिमाण लागेल, तिथल्या मूर्ती कुणाच्या ऐकण्यातल्या नाहीत. आणि ब्रॉडबँडच्या पुढच्या समितीवर एक बांबूवाला घ्यावा. तो प्रेझेंटेशन करणार नाही, हा अधिकचा फायदा.

वायर चाळीपर्यंत पोचली तरी आत शिरायची परवानगी उरते. राइट ऑफ वेचे, म्हणजे वायर न्यायच्या परवानगीचे, नवे नियम जानेवारी 2025 पासून आले. त्यांत खांब आहेत, रस्ते आहेत, मुदती आहेत. पागडीच्या मालकाला राजी करायची युक्ती नाही. मालक म्हणतो, भिंतीला भोक पाडायचं नाही. बिल्डर म्हणतो, कशाला पाडता, टॉवर झाला की फायबर आपोआप येईल. टॉवर कधी? म्हाडाचं पत्र आलं की. तोवर ज्याच्याकडे जोडणी आहे त्याचा पासवर्ड अख्खा मजला वापरतो. पूर्वी चाळीत एकाकडे फोन असायचा आणि सगळ्यांच्या लग्नपत्रिकेवर त्याचा पी.पी. नंबर छापलेला असायचा. तेव्हा निदान हाक मारायला यायचे. आता रात्री साडेनऊला मॅच रंगली की गॅलरीतून तोच आवाज येतो: "कोण रे डाऊनलोड करतंय?"

गिरगावकर मात्र एक पाऊल पुढे आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 पूर्ण मार्गावर धावू लागली, गिरगावला जमिनीखाली चकचकीत स्टेशन आलं. मोबाइल कंपन्या आणि मेट्रो यांचं मात्र नेटवर्क कुणी, कुणाच्या यंत्रणेवर आणि कुठल्या दराने द्यायचं यावर जमेना, म्हणून खाली बहुतेकांच्या फोनवर रेंज नव्हती. मग तिकिटासाठी स्टेशनात मोफत वाय-फाय आलं. तोवर यूपीआयच्या भरवशावर रिकाम्या खिशाने उतरलेल्या माणसाने काय करायचं, ते शेजारच्या आजींनी दाखवून दिलं. त्यांनी कमरेची चंची सोडली, दोन नोटा खिडकीत सरकवल्या आणि मागच्या कॉलेजच्या पोराला विचारलं, "तुझंही काढू का रे?"