टेंपोतून आलेली मेथी

आमच्या कॉलनीत झाडावर प्रेम करणारे पुष्कळ आहेत, पण पानावर प्रेम करणारा एकही नाही. झाड अंगणात हवं, त्याचं पान मात्र अंगणात पडता कामा नये. बदामाची पानगळ सुरू झाली की शेजारचे अण्णा पहाटेच खराटा घेऊन उतरतात, ढीग करतात आणि काडी लावतात. म्हणे, डास जातात. डास कुठले जायला! आम्हीच जातो, खिडक्या लावून आतल्या खोलीत.

काडी न लावणारे सज्जन पानं घंटागाडीत घालतात. ती कसबा बावड्याच्या 'झूम' कचरा डेपोवर ओल्या कचऱ्याखाली गाडली गेली, की हवा न मिळून तिथे मिथेन तयार होतो. धुरापेक्षा हा गुन्हा सभ्य, कारण तो आपल्याला दिसत नाही.

रविवारी हेच अण्णा मोटार काढून नर्सरीत जातात आणि पानांचं खत विकत आणतात! पिशवी प्लॅस्टिकची, वर हिरव्या अक्षरांत 'सेंद्रिय'. बरोबर दक्षिणेतून ट्रकने आलेली कोकोपीटची वीट. शिवाय गुलाबासाठी 'जरासा' युरिया. हा युरिया नैसर्गिक वायू खर्चून बनतो, आणि मुळांनी न घेतलेल्या नत्राचा थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापदायक. अण्णांची चिमूट मुळात मुठीएवढी, हे वेगळंच.

आणि हे कुठे, तर श्री. अ. दाभोलकरांच्या कोल्हापुरात! गणिताचा हा प्राध्यापक. प्रयोग परिवार उभा करून त्यांनी द्राक्षबागायतदारांना स्वतःच प्रयोग करायला लावलं, 'विपुलाच सृष्टी' लिहिलं आणि गच्चीवर भाजी पिकवायचा रस्ता दाखवला. ऊन फुकट, पाला फुकट, स्वयंपाकघरातलं ओलं फुकट. गणितवाल्याला बेरीज लगेच जमली. जुन्या पोत्यात खाली उसाचं चिपाड, वर पाला, मग भाजीची देठं, शेवटी बोटभर माती. वजन कमी, त्यामुळे गच्चीही कुरकुरत नाही. उसाच्या जिल्ह्यात, रसाच्या प्रत्येक गाड्यामागे चिपाडाचा ढीग असताना, याहून सोपं काय असणार?

मी हे सगळं अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "चिपाड कुठल्या नर्सरीत मिळतं?"

शाळांचंही तेच. पोषण आहारासाठी परसबागा झाल्या, हे उत्तम. पण मग स्पर्धा आल्या. एका शाळेत तपासणीच्या आदल्या दिवशी मेथी, पालक, कोथिंबीर कुंड्यांसकट टेंपोतून आली. साहेबांनी कौतुकानं एका पोराला विचारलं, "बाळ, ही मेथी कधी पेरलीस?"

"काल सांजच्याला उतरली, सर."

खरी बाग मागच्या बाजूला होती. आहार शिजवणाऱ्या मावशी तांदळाचं धुवण आणि भाजीची सालं रोज एकाच खड्ड्यात टाकायच्या, पोरं वर पाला लोटायची. त्यातून भोपळ्याचा वेल उठून थेट मुतारीच्या पत्र्यावर चढला होता.

साहेबांनी विचारलं, "हा कुणी लावला?"

"लावतंय कोण, सायेब? टाकलावता."

'परिसर अस्वच्छ' असा शेरा पडला. बक्षीस मेथीला मिळालं. पोरांनी पुढचा आठवडाभर भोपळ्याची भाजी खाल्ली.