ताशी चार मैलांचा रामराम

आमच्या ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यामुळे कालव्यात माणूस दिसला की तो एकतर म्हशी धुतोय, नाहीतर डोंगळा टाकून पाणी चोरतोय, अशी त्यांची खात्री असते. तिसरा प्रकार त्यांना मंजूर नाही. म्हणून बर्मिंगहॅमहून लेकीनं जेव्हा फोनवर सांगितलं, की यंदा आलात की आपण कालव्यात बोट घेऊन फिरायचं, जेवायचं-झोपायचंही बोटीतच, तेव्हा ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "परवानगी कोणाची?"

जावयांनी शांतपणे माहिती दिली, की इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट नावाची धर्मादाय संस्था सांभाळते. त्याआधी ते सरकारी होते.

"कालवा धर्मादाय संस्थेकडे?" हे खुर्चीत सरळ बसले. "मग आवर्तन कोण ठरवतं? देवस्थानचे विश्वस्त?"

तरीही आम्ही गेलो, आणि व्हिटचर्च नावाच्या गावाजवळ बोट ताब्यात घेतली. साठ फूट लांब, जेमतेम सात फूट रुंद, पंधरा-सतरा टन लोखंड. ह्या देशात स्कूटर चालवायला लायसन्स लागतं, टीव्ही बघायला लायसन्स लागतं, पण हे धूड चालवायला काही लागत नाही. एका कोवळ्या मुलानं अर्ध्या तासात सगळं शिकवलं. बोट मागच्या टोकाला उभं राहून चालवायची. हातात एक दांडा. तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. ब्रेक नाही, थांबायचं तर उलटा गिअर टाकायचा आणि धीर धरायचा. समोरून कोणी आलं तर आपण उजवी बाजू धरायची. काठाला बांधलेल्या बोटींपाशी वेग अगदी कमी करायचा. एवढं सांगून तो जायला निघाला आणि वळून म्हणाला, "आणि हो, सगळ्यांना हात करा."

ह्यांनी त्या शिकवणीतलं हे शेवटचं वाक्य तेवढं मनावर घेतलं.

इंग्रज माणूस अनोळखी माणसाकडे बघत नाही, हे आम्ही बर्मिंगहॅमच्या लोकलमध्ये रोज अनुभवत होतो. गुडघ्याला गुडघा लागलेला असतो, पण नजर फोनवर, फोन नसेल तर आपल्याच बुटांवर. तोच माणूस कालव्यावर आला की पार बदलतो. बोटीवरचा बोटीवरच्याला हात करतो, काठावरून चालणारा बोटीवरच्याला करतो, पुलावर टेकलेला खालून जाणाऱ्याला करतो. पबच्या अंगणात बसलेले ग्लास उचलतात. लहान मुलं तर दोन्ही हात करतात आणि कुत्र्याचा पंजा धरून त्यालाही करायला लावतात.

असं का, याचा विचार करायला माझ्याकडे भरपूर वेळ होता, कारण कालव्यावर दुसरं काहीच कमी वेळात होत नाही. मला वाटतं, कारण वेगात आहे. इथली कमाल मर्यादा ताशी ४ मैल, आणि तेवढीही सहसा कोणी गाठत नाही. काठावरच्या वाटेनं एक आजी कुत्रं घेऊन आम्हाला मागे टाकून गेल्या, तेव्हा त्यांनी हात केला. पुढच्या पुलाशी कुत्र्यानं आपला कार्यक्रम उरकेपर्यंत आम्ही त्यांना गाठलं, तेव्हा पुन्हा केला. नंतर त्या परत पुढे गेल्या. आता समोरून बोट येतेय असं समजा. ती तीनशे मीटरवर दिसते आणि पुढची दोन मिनिटं नुसती येत राहते. तुमचा हात दांड्यावर, नजर समोर ठेवणं भाग, फोन काढायची सोय नाही. समोरचाही तसाच. इंग्रज माणूस पाऊस सोसतो, उकडलेला कोबी सोसतो, पण दोन मिनिटं एकमेकांकडे विनाकारण बघत राहणं त्याला सोसवत नाही. मग तो हात वर करून सुटका करून घेतो.

अर्थात हात कधी वर करायचा, याला शास्त्र आहे. हे पहिल्या बोटीला तीनशे मीटरवरूनच हात करून बसले. आता खाली घ्यावा तर वाईट दिसतं, आणि वर ठेवावा तर खांदा भरून येतो. ती बोट शेजारी येईपर्यंत ह्यांनी दोनदा हात बदलला. तिच्या मागच्या टोकावर दाढीवाला गृहस्थ उभा होता. बोटीच्या टपावर कोळशाची पोती, लाकडं, सायकल, पुदिन्याच्या कुंड्या, म्हणजे बारमाही बोटीतच राहणारा. घाटात समोरासमोर आलेले एसटीचे ड्रायव्हर स्टिअरिंगवरचा पंजा जेमतेम उचलतात, तसं त्यानं दांड्यावरचं एकच बोट उचललं आणि गेला.

"बाबा, इथे जितका जुना बोटवाला तितका हात लहान," लेक म्हणाली. "सुट्टीवाले ओळखू येतात ते ह्याच्यावरूनच."

ह्यांच्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. ह्यांची मान वळली की कंबर वळायची, कंबर वळली की दांडा वळायचा, आणि साठ फूट पुढे, बोटीच्या नाकाशी मी चहा घेऊन बसलेली असायची. ह्यांच्या प्रत्येक नमस्काराला मी एकदा विलोच्या झाडात जाऊन यायची.

पुढे पुढे कोणीही कसाही हात हलवला की तो रामरामच, असं त्यांनी ठरवून टाकलं. एलस्मियरच्या अलीकडे काठाला ओळीनं बोटी बांधलेल्या होत्या. शेजारून कोणी जोरात गेलं की ह्या बोटी दोरांना हिसके देतात आणि आत कोणाचं तरी सूप मांडीवर येतं. एका बोटीच्या दारातून एक वृद्ध गृहस्थ डोकावले, तळवा खाली करून हात सावकाश वरखाली करू लागले. ह्यांना तो आशीर्वाद वाटला. ह्यांनी दांडा सोडून दोन्ही हात जोडले.

"बाबा, ते 'हळू' म्हणतायत!"

तेच गळ टाकून बसणाऱ्यांच्या बाबतीत. ही मंडळी काही हात करत नाहीत. दहा-बारा मीटर लांब कार्बनच्या काठ्या घेऊन कालव्यावर आडव्या धरून बसतात, आणि बोट अगदी जवळ आली की नाइलाजानं काठी उचलतात. ह्यांनी ती सलामी समजून स्वीकारली. दुपारभर एकामागून एक काठ्या वर होत होत्या आणि हे छातीवर हात ठेवून पुढे जात होते.

जुन्या काळी असला लाड नव्हता. ब्रिजवॉटर कालवा १७६१ साली मँचेस्टरला कोळसा न्यायला सुरू झाला आणि तिथला कोळसा निम्म्यानं स्वस्त झाला, तेव्हापासून ज्याला त्याला कालवा हवा झाला. त्याचा इंजिनिअर जेम्स ब्रिंडली. त्याला लिहिता-वाचता जेमतेमच यायचं, हे जावयांनी सांगितल्यावर ह्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे टिपणी लिहीत बसला नाही. म्हणूनच कालवे झाले!" अरुंद कालव्यांच्या लॉकची, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदाची, रुंदी त्यानंच सात फुटांच्या आसपास धरली, आणि आजच्या बोटींच्या अंगकाठीचं मूळ तिथे आहे.

तेव्हा बोटी घोडे ओढायचे. दोन बोटी समोरासमोर आल्या की एकीनं आपला दोर ढिला सोडून पाण्यात बुडवायचा आणि दुसरीनं त्यावरून जायचं. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर त्या दोरांनी पडलेल्या खाचा आजही बोट घालून बघता येतात. पुढे रेल्वे आली, भाडी घसरली, आणि बोटवाल्यांनी घरभाडं वाचवायला बायकापोरं बोटीतच आणली. मागची दहा फुटांची खोली म्हणजे सगळा संसार. ज्याची बोट लॉकमध्ये आधी शिरेल त्याची खेप आधी पोचेल, त्यामुळे लॉकवर हात उचलले जायचे ते वेगळ्याच कारणासाठी. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि उरलीसुरली मालवाहतूक जवळपास संपली. हा प्रेमळ हात त्यानंतर, रिकाम्या वेळाबरोबर आला असावा, असा माझा आपला अंदाज.

आम्ही होतो तो लँगोलेन कालवा तर १९४४ साली कायदा करून वाहतुकीला बंदच केला होता. तरी तो बुजवला नाही, कारण डी नदीचं पाणी त्यातून वाहत पुढे हर्लस्टनच्या जलाशयात जातं आणि लोक ते पितात. हे जावयांनी सांगितलं मात्र, हे उभेच राहिले. "म्हणजे पाणीपुरवठा होता म्हणून वाचला! बोटींनी नाही वाचवला! मी पहिल्या दिवसापासून काय सांगतोय?" त्यानंतर ते दर तासाला पाण्यात पान टाकून प्रवाहाचा वेग मोजू लागले. इतर कालवे तळ्यासारखे निवांत असतात, हा वाहतो, म्हणून त्यांनी त्याला खऱ्या कालव्याचा दर्जा दिला.

न्यू मार्टनच्या लॉकशी बोटींची रांग होती, आणि तिथे हाताचं रूपांतर तोंडात होतं. लॉक म्हणजे दोन दारांमधला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, लोखंडी हँडल फिरवून झडपा उघडायच्या, पाणी भरलं की बोट आपसूक वर. दारांना झाडाच्या खोडाएवढ्या तुळया असतात. त्या पाठ टेकवून, मागे मागे चालत ढकलायच्या. सलवार-कमीज आणि बूट घालून मी ढकलायला लागले, तशी पुढच्या-मागच्या बोटींवरची माणसं धावत आली. कोणी माझ्या शेजारी पाठ लावली, कोणी ह्यांना झडपेचं दातेरी चाक दाखवलं. ह्यांनी ते ओळखीच्या माणसासारखं कुरवाळलं.

लॉकवरच्या गप्पांचा क्रम ठरलेला असतो. आधी हवा. मग कुठून आलात. मग कुत्र्याचं नाव. आणि इतकी ओळख झाली की संडास. बोटीतल्या संडासात पंथ आहेत. पंप-आउटवाल्यांकडे मोठी टाकी असते, ती महिन्या-पंधरवड्यानं पैसे देऊन यंत्रानं उपसून घ्यायची. कॅसेटवाल्यांनी डबा उचलून स्वतःच्या हातानं रिता करायचा. दोन्ही पंथ एकमेकांच्या मोक्षाबद्दल साशंक असतात. लोकलमध्ये "गुड मॉर्निंग" म्हणायला लाजणारा माणूस इथे पाचव्या मिनिटाला टाकीची लिटरमध्ये क्षमता सांगतो. ह्यांना अख्ख्या इंग्लंडात इतक्या जिव्हाळ्याचा विषय दुसरा मिळाला नाही.

चर्कच्या पुलावर आम्ही इंग्लंडातून वेल्समध्ये गेलो. हा पूल १८०१ सालचा. कालवाच पुलावरून दरी ओलांडतो, आणि शेजारी त्याहून उंच रेल्वेचा पूल आहे. त्यावरून गाडी गेली. ह्यांनी तिलाही हात केला.

पुढचा पॉन्टकसिल्टेचा पूल मात्र असा आहे, की तिथे ह्यांचा हात खाली राहिला. ओतीव लोखंडाच्या पन्हळीत कालवा घालून ती पन्हळ दगडी खांबांवर ठेवली आहे. रुंदी एका बोटीपुरती. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला पाण्याच्या वर वीतभर लोखंडाची कड, आणि तिच्यापलीकडे काही नाही. आहे ती खाली डी नदी आणि झाडांचे शेंडे. पायवाटेवरून चालणारे लोक हाताच्या अंतरावर होते, प्रत्येक जण हसून हात करत होता. हे दोन्ही हातांनी दांडा धरून समोर बघत रामरक्षा म्हणावी तसे पुटपुटत होते, "टेलफर्ड आणि जेसप, १८०५... एकोणीस गाळे... लांबी ३०७ मीटर... उंची ३८ मीटर..." चुन्यात बैलाचं रक्त मिसळलं होतं असं सांगतात, हे जावई सांगायला गेले, तेव्हा हे म्हणाले, "ते आता नको." पलीकडच्या काठाला लागल्यावर मात्र २००९ साली युनेस्कोनं ह्या पुलाला जागतिक वारसा ठरवलं, ते अगदी योग्य झालं, असा दाखला त्यांनी दिला.

ट्रेव्हरपासून लँगोलेनपर्यंत कालवा डोंगराच्या कुशीत खोदलेला आहे, आणि काही ठिकाणी इतका चिंचोळा, की दोन बोटी शेजारून जाऊच शकत नाहीत. तिथे एका माणसानं काठावरून पुढे चालत जायचं, वाट मोकळी आहे का बघायचं आणि मागच्याला हातानं खूण करायची. ते काम माझ्याकडे आलं. वळणापलीकडे गेले, तर समोरून चार-पाच बोटींचा तांडा शिस्तीत येत होता. मी धावत मागे आले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन जिवाच्या आकांतानं हलवू लागले. थांबा! अहो, थांबा!

साठ फुटी बोटीच्या टोकावरून हे प्रसन्न हसले आणि दोन्ही हात हलवत चिंचोळ्यात शिरले.

पुढचा अर्धा तास मी फार वर्णन करत नाही. असली बोट उलटी जाताना दांड्याचं ऐकत नाही, आणि समोरच्यांना मागे जायला सांगावं तर प्रवाह त्यांच्या पाठीशी. तेव्हा आम्हालाच मागे ढकलणं आलं. तांड्यातली माणसं उतरली, कोणी दोर धरला, कोणी बांबू लावला. चढ्या आवाजात कोणीही बोललं नाही; उलट एकानं हे रोजचंच आहे असं सांगून मला बिस्कीट दिलं. रुंद जागी आमची बोट काठाला दाबून धरली आणि एकेक बोट इंचभर अंतरावरून जाऊ लागली. ह्यांना आता चांगलं कळलं होतं. पहिल्या बोटीला त्यांनी फक्त एक बोट उचललं. दुसरीलाही.

तिसरी बोट शेजारी आली आणि तिच्यावरच्या बाईंनी चहाचा मग टपावर ठेवून विचारलं, "तुमची पंप-आउट की कॅसेट?"

ह्यांचा चेहरा खुलला. "कॅसेट," हे म्हणाले, "पण माझं स्पष्ट मत विचाराल तर..." बाईंनी गिअर काढला आणि बोट तिथेच उभी राहिली. मागच्या बोटीवरचा माणूस थोडा वेळ वाट बघून हात हलवू लागला. मग जोरात हलवू लागला.

ह्यांनी बोलणं न थांबवता त्यालाही हात केला.