पुएब्लातली एकादशी

पिंपरी-चिंचवडचा इंजिनिअर मुलगा आधी जर्मन शिकतो आणि मग मुली बघतो. चाकण एमआयडीसीत जर्मन कंपन्या एवढ्या, की जर्मनची 'ए-टू' परीक्षा पास म्हणजे निम्मं प्रमोशन, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. मीही पास झालो. मग कंपनीनं मला मेक्सिकोला धाडलं. साहेब म्हणाले, "अरे, ज्याला आपण पार्ट देणार तो पुएब्लाचा कारखानाही जर्मनच आहे." खरंच होता. जुन्या फोक्सवागन बीटलची जगातली शेवटची गाडी 30 जुलै 2003 रोजी तिथूनच बाहेर पडली. फक्त गेटवरच्या वॉचमनपासून क्रेनवाल्यापर्यंत सगळे स्पॅनिश बोलत होते. माझं जर्मन सुटकेसमध्येच राहिलं.

पुएब्ला समुद्रसपाटीपासून सुमारे एकवीसशे मीटरवर, म्हणजे जिना चढताना दम लागतो. क्षितिजावर पोपोकातेपेत्ल नावाचा ज्वालामुखी धूर सोडत बसलेला असतो. गावातल्या कुणाला त्याचं काही नाही. चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकची आपल्याला सवय असते, तसंच.

आम्ही दोघं होतो. मी आळंदीचा माळकरी, आणि सोबत निगडीचा सहकारी. भाड्याची खोली शोधत हिंडायचो ते ऑफिसच्याच वेषात: पांढरा शर्ट, काळी पँट, छातीवर नावाचा बिल्ला, पाठीवर सॅक. आता या वेषात जोडीनं दारं वाजवत फिरणारी पोरं म्हणजे मॉर्मन पंथाचे तरुण धर्मप्रचारक, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आम्हाला कोण सांगणार? बेल वाजवली की पडदा हलायचा, दार हलायचं नाही. बऱ्याच घरांच्या खिडकीवर ग्वादालूपच्या मातेचं चित्र असलेलं एक स्टिकर दिसे, खाली बारीक मजकूर. निगडीकर खूश: "देवीभक्त आहेत रे, माणसं चांगली असणार." शेवटी मोबाइलकडून तो मजकूर वाचून घेतला. हे घर कॅथलिक आहे, इतर पंथांचा प्रचार इथं स्वीकारला जाणार नाही. थोडक्यात, 'विक्रेत्यांना सक्त मनाई'. आणि आम्ही नेमकी तीच दारं आशेनं वाजवत होतो.

एका आजीबाईंनी मात्र दार उघडलं. माझ्या कॉलरमधून तुळशीची माळ डोकावत होती, तिच्याकडे बोट दाखवून त्यांनी भुवया उंचावल्या. मी मोबाइलमधला विठोबा दाखवला. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या देवाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, छातीवर क्रूस काढला आणि दोन महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं.

राहायची सोय झाली, खायची होईना. 'मांस नको' म्हटलं की कोंबडी येते. कोंबडी नको म्हटलं की हॅम येतं, कारण बोलीभाषेत तिथं मांस म्हणजे बहुधा गाईगुरांचं. राजम्यासारखी घट्ट उसळ बघून जीव हरखावा, तर ती पुष्कळदा डुकराच्या चरबीत परतलेली. पण माणसं लाघवी. कँटीनमध्ये शेजारून जाणारा अनोळखी माणूससुद्धा ताटाकडे बघून 'प्रोवेचो' म्हणतो, म्हणजे सावकाश होऊ द्या. माझ्या ताटात मक्याच्या कोरड्या भाकऱ्या आणि लिंबाची फोड. त्याला किती सावकाश होणार?

अशात एकादशी आली. मेक्सिको आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागं आणि माझं कालनिर्णय आळंदीचं. आईला फोन लावला. "तुझ्याकडं उजाडलं की धर. माउली काय घड्याळ लावून बसलीय?" शास्त्रार्थ संपला.

फराळ शोधायला जुन्या गावातल्या मिठाईच्या गल्लीत गेलो आणि बघतच राहिलो. पुएब्लाची खास मिठाई म्हणजे कागदात गुंडाळलेल्या रताळ्याच्या कांड्या. शेजारी शेंगदाण्याची चिक्की, अगदी लोणावळ्याची वाटावी अशी. आणि त्यापुढं चक्क राजगिऱ्याच्या वड्या! तिथले मूळ लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती करून त्या प्रसाद म्हणून खात. 1524 साली बारा फ्रान्सिस्कन पाद्री धर्मप्रसाराला मेक्सिकोत उतरले. आपल्या पवित्र भाकरीशी मिळताजुळता हा प्रकार पाद्र्यांना सैतानी वाटला आणि बिचाऱ्या राजगिऱ्यावर त्यांची वक्रदृष्टी पडली. तोच राजगिरा आळंदीत उपासाला चालतो म्हणून आम्ही भक्तिभावानं खातो. धर्मप्रचारकांचा मला पहिल्यांदाच राग आला.

साबूदाणाही सुपरमार्केटात मिळाला. तिथं तो दुधात गोड करून खातात. खिचडी केली आणि परतता परतता हिशेब मांडला. साबूदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिथलाच, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची तर खुद्द मेक्सिकोची. आमच्या एवढ्या सोवळ्या खिचडीत आपलं म्हणावं असं तूप तेवढं असतं, आणि नेमकं तेच मी आणलं नव्हतं. कोलंबस गेला नसता तर वारकऱ्यांनी एकादशीला काय खाल्लं असतं, यावर कीर्तनकारांनी एकदा बोलावं.

तेव्हा मेक्सिकोत एकादशी सोपी, अवघड असते ती द्वादशी. घरातल्या कुणाला कंपनीनं तिकडं धाडलंच, तर आयांनो, बॅगेत साबूदाणा कोंबू नका. तेवढं वजन गोड्या मसाल्याला द्या.